तेल्हाऱ्याचा पाऊस आणि पर्लची मॉड्यूले

अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तेल्हारा तालुका आहे. वर सातपुडा, खाली पूर्णा नदीचे खोरे आणि मध्ये काळी जमीन. या जमिनीचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही आणि माणसालाही. त्यामुळे पावसाच्या नोंदीला इथे नुसत्या कुतूहलापेक्षा जास्त किंमत आहे. पेरणीपुरता, म्हणजे कृषी खाते सांगते तसा ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाला की नाही, हे आकड्यावरून ठरते. पुढे एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मि.मी.हून जास्त पाऊस होऊन अतिवृष्टी झाली की नाही, हेही आकड्यावरूनच ठरते. पहिला आकडा चुकला तर दुबार पेरणी, दुसरा चुकला तर पंचनामाच होत नाही.

असा एखादा तक्ता वर्गात संगणकावर हाताळायचा ठरवला तर कोणती साधने घ्यावीत? शिक्षकांकडून हा प्रश्न येतो. या लेखात पर्ल या भाषेसाठी लिहिलेली काही मॉड्यूले त्या दृष्टीने तपासली आहेत. काही मॉड्यूले नोंदी वाचतात, काही त्या उघडून दाखवतात, काही नसलेल्या नोंदी घडवतात. तिन्ही प्रकारांत मला गुणही दिसले आणि दोषही, पण दोष नेहमी अपेक्षित जागी नव्हते.

पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. वॉल यांचा अभ्यास भाषाशास्त्राचा. बोलताना आपण जसा संदर्भावरून अर्थ लावतो तसाच अर्थ संगणकानेही लावावा, ही या भाषेची धाटणी तिथून आली आहे. मोठ्या मजकुरातून हवे ते वेचायचे आणि अहवाल मांडायचा, हे तिचे मूळ काम. १९९४ मध्ये तिची पाचवी आवृत्ती आली आणि दुसऱ्याने लिहिलेला तयार भाग, म्हणजेच मॉड्यूल, आपल्या आज्ञावलीला जोडण्याची सोय झाली. १९९५ मध्ये अशी मॉड्यूले एकत्र ठेवणारे 'सीपॅन' हे भांडार सुरू झाले. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकींना वाचता यावेत यासाठी पर्लचा मोठा उपयोग झाला, आणि लिंकन स्टाइन यांनी १९९६ मध्ये त्यावर लिहिलेला लेख आमच्या क्षेत्रात गाजला. आज नव्या विद्यार्थ्याला पायथॉन शिकवतात, ते योग्यच आहे. तरीही लिनक्स असलेल्या बहुतेक संगणकांवर पर्ल आधीपासून असते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. इंटरनेट रखडत चालणाऱ्या शाळेत ही लहान सोय नाही.

नमुन्यादाखल एक तक्ता घेऊ. गावे खरी आहेत, आकडे मी शिकवण्यासाठी रचलेले आहेत. जुलैमधला एक दिवस, सकाळी साडेआठ वाजता मोजलेला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मि.मी.मध्ये : तेल्हारा १८.४, हिवरखेड १२, अडगावचा रकाना कोरा, पाथर्डी 'निरंक', माळेगाव ११५.२, पंचगव्हाण '७ मि.मी.', दानापूर ०. या पानावर सगळेच अंक देवनागरीत छापले आहेत. फाइलीत मात्र हिवरखेडचा आकडा तेवढा देवनागरी अंकांत आणि बाकीचे इंग्रजी अंकांत टंकलेले आहेत असे समजावे. दोघातिघांनी मिळून भरलेला तक्ता असाच असतो.

आता पर्लला सरासरी काढायला सांगा. ती २०.१ मि.मी. असे उत्तर देते. कसे ते पाहा. '७ मि.मी.' मधले सुरुवातीचे ७ ती उचलते आणि पुढचा मजकूर सोडून देते. हे आपल्याला सोयीचेच आहे. 'निरंक' या शब्दाच्या सुरुवातीला अंक नाही, म्हणून शून्य. कोरा रकाना, तोही शून्य. हिवरखेडचे देवनागरी १२, तेही शून्य! बेरीज १४०.६, भागिले सात. माणूस हे गणित करील तेव्हा हिवरखेडचे १२ धरील, 'निरंक'ला शून्य मानील आणि अडगावला मोजणार नाही. त्याची बेरीज १५२.६ येईल, सहाने भागून सरासरी २५.४.

या तीन शून्यांत खरे शून्य एकच आहे. 'निरंक' म्हणजे कोणीतरी मापक पाहिला आणि त्यात पाणी नव्हते. कोऱ्या रकान्याचा अर्थ मात्र कोणी पाहिलेच नाही, किंवा पाहून लिहिले नाही, किंवा यंत्र बंद होते. पाऊस पडला नाही असे तो सांगत नाही. मोसमात अशा दहा-बारा जागा शून्य धरल्या गेल्या तर कागदावर पावसाचा खंड तयार होतो, आणि खंड किती दिवसांचा होता यावर पुढे पीकविम्यापासून दुष्काळाच्या निकषांपर्यंत बरेच काही अवलंबून असते.

पर्लची बाजूही सांगायला हवी. शब्दाला शून्य मानताना ती सूचना देऊ शकते, पण त्या सूचना आपण मागाव्या लागतात. २०२२ मध्ये आलेली ५.३६ ही आवृत्ती आज्ञावलीच्या आरंभी जाहीर केली तर सूचना आपोआप सुरू होतात. हे व्हायला पस्तीस वर्षे लागली, याला मी भाषेचा दोषच म्हणेन. शिकणाऱ्याच्या हातात दिलेल्या साधनाने आधी बोलावे आणि मग गप्प करता यावे. उलट क्रम नको.

देवनागरी अंकांचा घोटाळा जास्त फसवा आहे. मजकुरात अंक आहे का हे तपासण्याची पर्लची जी खूण आहे ती देवनागरी १२ ला 'अंक आहे' असे सांगते, आणि युनिकोडच्या हिशेबाने ते बरोबर आहे. बेरीज करणारा भाग मात्र फक्त इंग्रजी अंक ओळखतो. म्हणजे दारावरचा पहारेकरी आत सोडतो आणि आतला कारकून त्याच माणसाला शून्य म्हणून लिहून घेतो. दोघांचे नियम वेगळे आहेत हे नवशिक्याला कळणार कसे? यावर 'युनिकोड::यूसीडी' या मॉड्यूलमध्ये कोणत्याही लिपीतल्या अंकांची संख्या करून देणारी सोय आहे. ते पर्लच्या मूळ संचातच असते, पण मराठी तक्ता हाताळणाऱ्याला त्याचे नाव कोणी सांगत नाही. 'स्केलर::युटिल' हे मॉड्यूलही संचातलेच. एखादा मजकूर पर्लला संख्या वाटेल की नाही, हे ते आधीच सांगते. देवनागरी १२, 'निरंक', कोरा रकाना आणि आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिलेले १,२५,००० या सर्वांना ते 'नाही' म्हणते. हा कडकपणा उपयोगी आहे, कारण १,२५,००० चा पर्ल परस्पर १ करून टाकते. कापसाच्या हिशेबात हे काय करील ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. पर्लमध्ये संख्यांची तुलना करण्याची चिन्हे वेगळी आणि शब्दांची वेगळी. शब्दांची तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरावरून होते. ती चुकून वापरली तर माळेगावचा ११५.२ हा ६५ पेक्षा लहान ठरतो, कारण १ हा ६ च्या आधी येतो. म्हणजे तालुक्यातला सर्वांत जास्त पाऊस अतिवृष्टीच्या यादीतून गळतो, आणि यावेळी कसलीही सूचना येत नाही.

वाचणारे मॉड्यूल

स्वल्पविरामांनी वेगळे केलेले तक्ते वाचण्यासाठी 'टेक्स्ट::सीएसव्ही' हे मॉड्यूल आहे. 'तेल्हारा, जि. अकोला' अशा एकाच रकान्यातला स्वल्पविराम आणि दोन रकान्यांमधला स्वल्पविराम यांत ते फरक करते. म्हणून स्वतः ओळ तोडत बसण्यापेक्षा ते वापरणे केव्हाही चांगले. एवढे गरजेचे मॉड्यूल मूळ संचात नाही, वेगळे बसवावे लागते, ही पहिली तक्रार. दुसरी अशी की कोरा रकाना आणि मुद्दाम रिकामी अवतरणचिन्हे देऊन भरलेला रकाना यांत ते फरक करू शकते, पण सांगितल्याशिवाय करत नाही. तो पर्याय चालू केला की अडगावच्या जागी 'अनिश्चित' असे मूल्य येते आणि आपल्याला त्याला बाजूला काढता येते. आपला तक्ता वाचताना हा पर्याय चालू नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया गेली असे समजावे.

तिसरी तक्रार गंभीर आहे. देवनागरी मजकूर अक्षरांत न उलगडता तसाच कच्च्या बाइटांत पुढे दिला, तर हे मॉड्यूल त्याला 'बायनरी' समजते आणि परवानगी दिलेली नसल्यास ती ओळ नाकारते. नाकारण्याला हरकत नाही. पण नेहमीच्या पद्धतीने एकेक ओळ वाचत गेलो तर चुकीच्या ओळीवर वाचन असे थांबते, जणू फाइलच संपली. तीस ओळींपैकी अकरा वाचून आज्ञावली समाधानाने सरासरी काढते. चूक आपणहून कळवणारा पर्याय इथेही आहे, आणि इथेही तो मुळात बंद असतो.

उघडून दाखवणारी मॉड्यूले

संगणकाच्या आत नोंद नेमकी कशी बसली आहे ते पाहण्यासाठी 'डेटा::डंपर' हे सर्वांत जुने आणि प्रसिद्ध मॉड्यूल आहे. ते गुरुसामी सारथी यांनी लिहिले आणि १९९८ च्या ५.००५ आवृत्तीपासून ते पर्लच्या मूळ संचात आहे. त्याच्या छापील रूपाला सगळे नावे ठेवतात. मराठी विद्यार्थ्याला तर ते पहिल्याच दिवशी घाबरवते. 'तेल्हारा' हे नाव छापायला सांगितले की ९२४, ९४७, ९३२, ९४डी, ९३९, ९३ई, ९३०, ९३ई असे आठ क्रमांक महिरपी कंसांत समोर येतात. हे युनिकोडमधले क्रमांक आहेत : त, एकार, ल, पाय मोडण्याची खूण, ह, काना, र, काना.

गंमत अशी की हाच मजकूर अक्षरांत उलगडला नसेल तर पडद्यावर सुबक 'तेल्हारा' उमटते, कारण कच्चे बाइट जसेच्या तसे पुढे जातात आणि पडदा त्यांची अक्षरे करतो. म्हणजे चुकीची अवस्था सुंदर दिसते आणि योग्य अवस्था विद्रूप. वर्गात हे दाखवण्यासारखे आहे. या नावाची लांबी विचारली तर पहिल्या अवस्थेत पर्ल २४ सांगते (प्रत्येक घटकाला तीन बाइट), दुसऱ्या अवस्थेत ८. डोळ्याला दिसणारे गट मोजायला सांगितले तर जुन्या नियमाने ४ : ते, ल्, हा, रा. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत २०२३ साली आला, त्याप्रमाणे ३. तिसरीतल्या मुलाने हे उत्तर कधीच दिले असते. रकान्याची रुंदी ठरवताना नाव कुठे कापले जाते हे यावरूनच ठरते, आणि आठांतले पहिले तीन घटक ठेवले तर तालुक्याच्या नावात फक्त 'तेल' उरते.

तरीही नोंदी तपासायला मी डंपरच निवडीन, आणि तेही त्याच्या या विद्रूपपणासाठीच. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत ९३१ आणि पाय मोडण्याची खूण. दुसरीत साधा र म्हणजे ९३०, पाय मोडण्याची खूण आणि २००डी हा अदृश्य जोडक. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पर्लच्या नावनिहाय साठ्यात, म्हणजे हॅशमध्ये, त्यांचे दोन वेगळे कप्पे होतात आणि एका प्रदेशाचा पाऊस दोन ठिकाणी विभागला जातो. 'युनिकोड::नॉर्मलाइज' हे मॉड्यूल मजकुराला एकसारखे रूप देण्यासाठी आहे, पण ही दोन रूपे युनिकोडने समान मानलेली नसल्यामुळे तेही त्यांना एक करत नाही. क्रमांक दाखवणारा डंपर मात्र फरक तात्काळ उघडा पाडतो. तसेच शून्य, रिकामा मजकूर, दोन मोकळ्या जागा आणि अनिश्चित मूल्य या चारही गोष्टी तो वेगवेगळ्या दाखवतो. अडगाव आणि दानापूर यांच्यातला जो भेद सरासरीत बुडाला होता तो इथे समोर येतो.

त्याचे दोषही आहेत. २०१३ मधल्या ५.१८ आवृत्तीपासून हॅशमधल्या नावांचा क्रम दर वेळी बदलतो. क्रमवार छापण्याचा पर्याय चालू केला नाही तर एकाच आज्ञावलीचे दोन निकाल शेजारी ठेवणारा विद्यार्थी गोंधळून जातो. दशांश अपूर्णांक तो शब्दासारखे अवतरणचिन्हांत छापतो, त्यामुळे संख्या आणि मजकूर ओळखण्याच्या कामी त्याच्यावर विसंबू नये.

ब्राझीलच्या ब्रेनो द ओलिव्हेरा यांचे 'डेटा::प्रिंटर' दिसायला फार चांगले : रंग, आखणी, आणि मराठी मजकूर मराठीतच. मजकुराची रचना समजून घ्यायला ते मी जरूर सुचवीन. पण दोन 'वऱ्हाड' ते सारखेच दाखवते, आणि तपासणीच्या साधनाकडून ही अपेक्षा नसते. क्रमांक दाखवायला ते तयार होते, पण त्यासाठी मुद्दाम सांगावे लागते. म्हणजे ज्याला आधीच संशय आला आहे त्यालाच उत्तर मिळते.

नावांच्या बाबतीत एक गोष्ट कोणतेच मॉड्यूल वाचवू शकत नाही. पाथर्डी तेल्हारा तालुक्यात आहे तशी अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे, आणि माळेगाव बारामतीजवळही आहे. फक्त गावाचे नाव ही किल्ली धरली तर नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर बसते आणि आधीची पुसली जाते. गावाचा जनगणनेतला क्रमांक किल्ली म्हणून वापरावा. नाव फक्त वाचण्यासाठी ठेवावे.

नोंदी साठवणारे 'स्टोरेबल' शाळेसाठी मला निरुपयोगी वाटते. त्याची फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही आणि अनोळखी ठिकाणाहून आलेली उघडणे धोक्याचे आहे.

घडवणारी मॉड्यूले

शेतकऱ्यांची खरी नावे, खाते क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक वर्गात वापरू नयेत. म्हणून खोट्या नोंदी घडवणारी मॉड्यूले शिक्षकांच्या कामाची आहेत. 'डेटा::फेकर' नावे, पत्ते, कंपन्या, दूरध्वनी क्रमांक बनवते, पण ते सगळे अमेरिकेतले असते. तिथला टपाल क्रमांक पाच आकडी, आपला पिनकोड सहा आकडी. बुद्रुक आणि खुर्द त्याला माहीत नाहीत. 'डेटा::रँडम' तारखा, शब्द आणि यादीतून निवडी देते आणि निदान आपली यादी आपण पुरवू शकतो, म्हणून ते बरे.

खरी उणीव वेगळी आहे. या मॉड्यूलांनी घडवलेला तक्ता स्वच्छ असतो. त्यात कोरा रकाना नसतो, 'निरंक' नसतो, दोन लिपींतले अंक नसतात. अशा तक्त्यावर तपासलेली आज्ञावली पास होते आणि तालुक्याच्या पहिल्या खऱ्या फाइलीवर नापास. या बाबतीत 'टेस्ट::लेक्ट्रोटेस्ट' या मॉड्यूलचा विचार जास्त खोल आहे. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० मध्ये मांडलेल्या 'क्विकचेक' या साधनावर ते बेतलेले आहे. त्यात आपण उत्तरे लिहायची नाहीत, नियम लिहायचा : कोणताही एक रकाना कोरा केला तर सरासरीचा भाजक एकने कमी झाला पाहिजे. मॉड्यूल शेकडो तक्ते घडवते आणि नियम मोडणारा तक्ता सापडला की तो आपल्यासमोर ठेवते. कोरे रकाने आणि देवनागरी अंक मात्र त्याच्या साच्यात आपणच घालायचे.

खुद्द पाऊस घडवायचा तर कोणतेच मॉड्यूल पुरत नाही. समजा ० ते १०० मधली कोणतीही संख्या सारख्याच शक्यतेने निवडली, तर जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत सरासरी ६,१०० मि.मी. पाऊस होईल. हा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आंबोलीकडचा पाऊस झाला, तेल्हाऱ्याचा नव्हे! अकोला जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण साडेसातशे ते आठशे मि.मी. पडतो. शिवाय असा पाऊस रोज पडेल आणि चाळीसहून अधिक दिवस अतिवृष्टी होईल.

त्यापेक्षा गेब्रिएल आणि नॉयमन यांनी १९६२ मध्ये तेल अवीवच्या पावसासाठी वापरलेली पद्धत वर्गात करून पाहावी. आज पाऊस पडण्याची शक्यता काल पडला होता की नाही यावर अवलंबून ठेवायची. काल कोरडा गेला असेल तर फाशावर ६ आला तरच आज पाऊस, काल ओला गेला असेल तर ४, ५ किंवा ६ आला तरी पाऊस. किती पडला ते दुसऱ्या फाशाने, पण लहान आकडे जास्त आणि मोठे विरळा असा तक्ता करून. पाऊस कसा सलग पडतो आणि मग पंधरा दिवस कसा दडी मारतो, ते मुलांना फाशांतच दिसते. फाशांवरच्या या शक्यता मी सोयीसाठी घेतल्या आहेत. गावाची जुनी नोंदवही मिळाली तर ओल्यानंतर ओला आणि कोरड्यानंतर ओला असे दिवस मोजून मुलांनी त्या स्वतः काढाव्यात. हीच गोष्ट पर्लमध्ये दहा-बारा ओळींत होते, एकही मॉड्यूल न जोडता.

घडवलेल्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत 'रचलेले आकडे' असे लिहावे, म्हणजे तो चुकून प्रयोगवहीत खरा म्हणून जाणार नाही. त्याच ओळीत यादृच्छिक संख्यांचे बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून संगणक सुरुवात करतो तो आकडाही लिहावा. २०१४ च्या ५.२० आवृत्तीपासून पर्ल सर्व प्रकारच्या संगणकांवर एकच यादृच्छिक-संख्या पद्धत वापरते. त्यामुळे तेल्हाऱ्याच्या शाळेत आणि पुण्याच्या शाळेत तेच बीज पेरले तर दोन्हीकडे त्याच तारखेला तेवढाच पाऊस पडतो.